पालक अस्पष्ट

शिष्यवृत्तीच्या अर्जाला एक पालक मूळ स्वरूपात जोडावा लागतो, त्याप्रमाणे मेघनाने आषाढात आपले वडील अर्जासोबत जमा केले. झेरॉक्स चालत नाही. कार्यालयात पालकाच्या मनगटाला फाइलीची दोरी बांधतात, तळहातावर शिक्का मारतात आणि अभिलेख कक्षातल्या लोखंडी मांडणीवर नेऊन बसवतात. अर्ज मंजूर झाला की पालक परत. कॉलेजातल्या सगळ्याच मुलांचं असं होतं, त्यामुळे त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

मेघनाचे अप्पा, दशरथ सोनटक्के, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. गणपतीआधी सुटतील, असं कार्यालयाने सांगितलं होतं. गणपती गेले, नवरात्र गेलं. बँडवाल्याने दुसरा माणूस धरला. मेघना चौकशीला गेली की एकच उत्तर मिळे, अर्ज वरच्या टेबलावर आहे. वरचं टेबल खिडकीतून दिसायचं. त्यावर काहीही नसायचं.

दिवाळीनंतर तिच्या मोबाइलवर संदेश आला. ‘आपल्या अर्जात त्रुटी आढळली आहे. पालक अस्पष्ट. शुक्रवारी कार्यालय बंद होण्यापूर्वी स्पष्ट पालक सादर करावा. अन्यथा अर्ज बाद होईल व जोडलेला पालक रद्दीत काढला जाईल.’

मेघनाने संदेश घरात मोठ्याने वाचून दाखवला. अप्पांच्या धाकट्या भावाने, नामदेवकाकांनी, चहाची बशी खाली ठेवली आणि त्यांचा चेहरा खुलला.

“अगं, त्रुटी आली म्हणजे फाइल हलली! चांगलं लक्षण आहे पोरी.”

“काका, रद्दी म्हणतायत ते. अप्पांना.”

“ते बाद झालं तर ना. आपण दुसरं माणूस जोडू. वहिनी आहेत की.”

आईने तोवर कपाटातून ठेवणीतली साडी काढलीही होती. “मी जाते. मी यांच्यापेक्षा अंगानं भरलेली आहे, इतक्यात पुसट नाही व्हायची. होळीपर्यंत तर सहज निघते.”

“कोणी कुठे जायचं नाही,” मेघना ओरडली. “आधी मी अप्पांना घेऊन येते. अर्ज गेला खड्ड्यात.”

“साहेबांशी वाकडं बोलू नकोस,” काका म्हणाले. “आमच्या वेळी आम्ही वर्ष वर्ष थांबलो. कधी तोंडातून ब्र काढला नाही.”

“तुम्ही ब्र काढला नाहीत म्हणूनच हे आमच्या वेळीही चाललंय!”

काका आईकडे बघून हसले. मेघना चप्पल घालून निघाली तो शुक्रवारच होता.

खिडकीमागे गुजर भाऊसाहेब बसले होते. तिने संदेश काचेला टेकवला.

“माझे वडील परत द्या. तुम्हीच नाकारलेत ना?”

“नाकारला म्हणून परत देता येत नाही,” भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. “पालक अस्पष्ट असल्याचा तोच तर पुरावा आहे.”

“आम्ही दिले तेव्हा चांगले ठळक होते!”

“असतील. तसा काही दाखला आहे?”

भाऊसाहेबांना तिची थोडी दया आली असावी. “बघायचं तर बघून या. पण हात लावू नका. कडा दुमडतात.”

अभिलेख कक्षात ओल्या पुठ्ठ्याचा वास होता. छतापर्यंत मांडण्या, आणि फळ्याफळ्यांवर पालक, गुडघे पोटाशी घेऊन. कोणी बोलत नव्हतं. खालच्या फळीवरच्या एका बाईने मेघनाच्या ओढणीचं टोक धरलं.

“आमच्या सुनीलची परीक्षा झाली का गं?”

सुनील कदम कधीच पास होऊन पुण्याला नोकरीला लागला होता. त्याच्या लग्नाला मेघनाच्या ओळखीतली माणसं जेवून आली होती.

“होईल मावशी,” ती म्हणाली आणि ओढणी सोडवून घेतली.

अप्पांच्या समोरून ती दोनदा गेली. मग तिला बोटांची एक हालचाल दिसली, क्लॅरिनेटच्या भोकांवर चालतात तशी. बोटं ओळखीची होती. त्यांच्यामागे माणूस शोधावा लागला. त्यांच्या सदऱ्यातून, सदऱ्याआतल्या छातीतूनही, मागच्या भिंतीचा उडालेला रंग दिसत होता.

“अप्पा.”

“हळू बोला. साहेब चिडतात.”

“अप्पा, मी आहे.”

त्यांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. “अर्जदार,” ते म्हणाले. मग आणखी थोड्या वेळाने, जड काहीतरी उचलावं तसं, “मेघना.”

“चला घरी.”

“असं कसं? मंजुरी आली का?”

गाठ सुटेना म्हणून तिने दोरी दाताने तोडली. अप्पांना उचलण्यासाठी तिने जोर लावला आणि ती मागेच कलली, कारण उचलण्यासारखं वजनच नव्हतं. वाळलेलं धोतर टाकावं तसं तिने त्यांना खांद्यावर टाकलं. मागचं दार उघडं होतं. शिपाई चहाला गेले होते.

आरडाओरडा केला तो मांडणीवरच्या माणसांनीच.

“अहो भाऊसाहेब! पोरगी फाइल फोडतेय!”

“आम्ही काय वेडे म्हणून बसलोय?”

“एकाचं काढलं की सगळ्यांचं मागं पडतं! धरा तिला!”

दोरी बांधलेले हात फळ्याफळ्यांतून बाहेर आले. कोणीतरी तिची वेणी पकडली. मेघनाने हिसका दिला आणि ती पळत सुटली. मागे सगळे पालक एका सुरात ओरडत होते, आणि त्यात सुनीलच्या आईचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

रिक्षात तिने अप्पांना दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं. वारा त्यांच्यातून आरपार जात होता. पूल ओलांडताना ते इतके फडफडले की तिने रिक्षावाल्याला हळू चालवायला सांगितलं. त्याने आरशात पाहिलं आणि विचारलं, “मंजूर झाला का ताई?”

घरासमोर नामदेवकाका खुर्ची टाकून बसले होते. मान ताठ होती.

“झालं काम! तू गेलीस आणि लगेच मी वहिनींना घेऊन निघालो. तू मागे आत होतीस, आम्ही पुढच्या खिडकीशी. घरातल्या मोठ्या माणसानं सही केली की चालतं. साहेब म्हणाले, इतका स्पष्ट पालक या वर्षी पाहिला नाही.”

मेघनाचा मोबाइल वाजला. ‘आपला अर्ज परिपूर्ण आहे. पुढील कार्यवाही प्रतीक्षेत.’

ती तशीच वळली. काकांनी तिचा दंड धरला.

“आता कुठं? कार्यालय बंद झालं. शनिवार-रविवार सुट्टी. आणि तू त्यांना घेऊन आलीस ते बोलू नकोस कुणाला, ते आता नोंदीत नाहीत.”

तिने काकांचा हात झटकला. शिवी तोंडाशी आली होती. पण खांद्यावरचे अप्पा हलले, म्हणून ती गिळून तिने त्यांना आत नेलं, पंखा बंद केला आणि खाटेवर बसवलं. अप्पांनी घरभर नजर फिरवली. स्वयंपाकघराच्या दाराशी नजर जरा थांबली.

“शोभा गेली का?” त्यांनी आईबद्दल विचारलं.

“हो.”

कितीतरी महिन्यांनी अप्पांना नीट माहीत असलेलं काहीतरी सांगायला मिळत होतं.

“सोमवारी जाशील तेव्हा सांग तिला,” ते म्हणाले. “खिडकीजवळची फळी देतात पहिल्यांदा. बरं वाटतं तिथं, रस्ता दिसतो. पण उन्हानं माणूस लवकर उडतं. तिनं आतली मागून घ्यावी.”

“आत अंधार असेल ना?”

“आहे,” अप्पा म्हणाले. “पण टिकतं माणूस.”

मेघना सोमवारी कार्यालय उघडायच्या आधी जाऊन आईसाठी आतली फळी मागायला रांगेत उभी राहिली.