उसनी पोरं

आकांक्षाच्या मॅडमनी तिचा निबंध दुसऱ्यांदा परत केला, तेव्हा त्यावर लाल पेनाने एकच वाक्य होतं : "पुस्तकं पुरेत, आता मुलं बघ." आकांक्षा बालशिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला होती. जगभरच्या बालपणाचा तिचा इतका अभ्यास झाला होता की फिनलंडमधली मुलं दुपारी किती झोपतात हे ती झोपेतून उठवलं तरी सांगायची. पण माहीमला स्वतःच्या घराखाली कोण खेळतं, याचा तिला पत्ता नव्हता. पुढच्या आठवड्यात परदेशी विद्यार्थ्यांबरोबर ऑनलाइन परिसंवाद होता. लहान जागेत राहणारी मुलं कशी खेळतात ते स्वतः पाहून आलीस तरच तुला बोलता येईल, असं मॅडमनी बजावलं होतं. "आणि खेळ त्यांचा त्यांना सुचलेला हवा. तू शिकवायचा नाहीस."

नायगावच्या एका जुन्या चाळीत तिची कालिंदीमावशी राहायची. आकांक्षाने लगेच फोन लावला.

"मावशी, रविवारी येऊ? सर्वे करायचाय. सहा वर्षांच्या आतली मुलं बघायचीत."

"ये की गं! सांगून ठेवते सगळ्यांना."

"अजिबात सांगू नकोस. मुलं रोजच्यासारखीच हवीत."

"बरं बाई, नाही सांगत," मावशी म्हणाली आणि फोन ठेवून गॅलरीत गेली.

मावशीच्या पोटात काही राहत नाही हे खरं, पण सगळा दोष तिचा नव्हे. त्या चाळीत 'सर्वे' या शब्दाला एकच अर्थ होता. चाळ पडणार आणि टॉवर होणार हे सगळे वर्षानुवर्षं ऐकत होते. टेप घेऊन कोणी ना कोणी यायचं, भिंती मोजायचं, चहा पिऊन जायचं. मावशीने ही बातमी फक्त शेजारच्या कौसल्याकाकूंना सांगितली, तीही 'कोणाला बोलू नका' असं सांगून. कौसल्याकाकूंनी ती त्याच अटीवर बाबुरावांच्या कानावर घातली. बाबुराव चाळ कमिटीचे अध्यक्ष. त्यांना कोणी निवडलं होतं ते आता कोणाला आठवत नव्हतं.

"पोरं मोजतायत म्हणजे काय ते समजा," बाबुराव म्हणाले. "ज्याची पोरं जास्त, त्याला खोली मोठी. सिंपल आहे."

असा नियम कुठेच नव्हता. पण बाबुराव अशा आवाजात बोलले की विचारायची कोणाची छाती झाली नाही.

रविवारी आकांक्षा ओढणी सावरत, छातीशी वही धरून पोहोचली तर गॅलरीत चिडीचूप. एरवी तिथे चालताना पायात एखादं पोर यायचंच. बाबुराव इस्त्रीच्या शर्टात जिन्यापाशी उभे होते.

"या मॅडम. थंड घेणार की चहा?"

पहिलीच खोली कौसल्याकाकूंची. कॉटवर पोरांची रांग लागलेली, सगळ्यांना तेल, पावडर, भांग. "सगळी माझीच नातवंडा गो," काकू म्हणाल्या.

"याचं नाव काय?"

काकूंनी पोराकडे बघितलं. पोराने काकूंकडे बघितलं. "घरात आम्ही बाळच म्हणतो," काकू म्हणाल्या.

आकांक्षा वाकली. "बाळ, तुम्ही काय काय खेळता रे?"

"आम्ही हितंच राहतो," बाळ एका दमात म्हणाला.

"खेळता काय?"

"पहिल्यापासून राहतो."

पुढच्या खोलीतही तीच रांग, तीच पावडर. तिसऱ्या खोलीत मात्र गौतम नावाचा, पुढचा दात पडलेला एक मुलगा ओळखीचा वाटला. शर्ट तेवढा वेगळा होता.

"तू मघाशी काकूंकडे होतास ना?"

"तिकडे पण राहतो," गौतम म्हणाला. बाबुराव मोठ्याने खोकले.

आता आकांक्षाच्या डोक्यात प्रकाश पडला. "काका, मी कॉलेजातून आलेय हो. मला खोल्या नाही, मुलांचे खेळ बघायचेत."

"असंच बोलतात मॅडम. मागचे पण गटार बघायला आलोय म्हणाले होते."

आकांक्षा मावशीच्या खोलीत येऊन मटकन बसली. इतक्या मुलांमधलं एकही खेळत नव्हतं. परिसंवाद हातचा गेला या विचाराने तिला रडूच यायला लागलं.

"मी एकीलाच सांगितलं गं," मावशी पुटपुटली आणि चहा टाकायला उठली.

चहा उकळेपर्यंत बाहेर गलका सुरू झाला. आकडा वाढवायला करी रोडच्या नातेवाइकांकडून उसनी आणलेली पोरं न्यायला अजून कोणी आलं नव्हतं, आणि मोठ्यांचं काम झाल्यामुळे त्यांच्याकडे बघायला कोणी नव्हतं. आकांक्षाने दार किलकिलं केलं.

चार वर्षांची राधा टॉवेलची ओढणी घेऊन, छातीशी स्टीलची ताटली धरून उभी होती. तिच्या मागे एक पोरगा हात पाठीशी बांधून सारखा खोकत होता. समोर दात पडलेला गौतम.

"घरात मुलं किती?" राधाने दरडावलं.

"शंभर."

"झोपतात कुठे?"

"एकावर एक."

"खरं सांगा. उसनी किती?"

गौतमने विचार केला. "मी एकटाच."

"बरं, रडू नका. टॉवर देते." तिने एक उलटी बादली पुढे सरकवली आणि गौतम ऐटीत तिच्यावर चढून बसला. लगेच पाठीमागे रांग लागली. आकांक्षा दाराआडून भराभर लिहीत राहिली. चहा गार झाला, पण तिला त्याची शुद्ध नव्हती.

परिसंवादात मॅडम पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसल्या. शेवटी नॉर्वेच्या एका मुलीने हात वर केला. हा तुमच्याकडचा पारंपरिक खेळ आहे का, असं तिने विचारलं.

आकांक्षाला इस्त्रीच्या शर्टातले बाबुराव आठवले.

"हो," ती म्हणाली. "पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. मोठी माणसंही खेळतात. अजून कोणी जिंकलेलं नाही."