फुकटच्या शहाण्णव बाटल्या

धंदा करावा तर आश्रुबानं! असं निदान आश्रुबाचं स्वतःचं मत होतं. वडवणीच्या बसस्टँडसमोर त्याचं दुकान. तिथं कोणी साधी काडेपेटी घ्यायला आलं तरी हे मत ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसे.

“आमच्या बापाला धंदा कळलाच न्हाई,” तो सुरुवात करायचा. “चाळीस वर्षं गोळीसोडा इकला आन् मागं ठेवलं काय? एक हातगाडी! ती बी कुरकुरणारी!”

त्याचा बाप मुंजाजी. अजूनही जुनी माणसं स्टँडवर उतरली की लिंबाच्या झाडाकडं बघतात, कारण तिथं मुंजाजीची गाडी असायची. ओल्या गोणपाटाखाली जाड काचेच्या बाटल्या, संत्र्याच्या आणि लिंबाच्या रंगाच्या. अंगठ्यानं गोळी दाबली की ‘फट्ट!’ आवाज व्हायचा आणि पार तहसिलीपर्यंत लोकांच्या जिभा ओल्या व्हायच्या. आश्रुबा लहानपणी त्याच बाटल्या विसळायचा. पुढं प्लास्टिकच्या बाटल्या आल्या, गाडी बंद पडली, आणि मग मुंजाजीही गेला.

आश्रुबाला मात्र सहा वर्षांपासून एकच ध्यास होता. काचेच्या दाराचा फ्रिज! त्याच्याकडं थर्माकोलचा डबा आणि बर्फाची लादी. गिऱ्हाईक बाटलीला हात लावायचं, “कोमट हाय की ओ,” म्हणायचं आणि समोरच्या दुकानात जायचं. ते ‘कोमट’ ऐकलं की आश्रुबाला जेवण गोड लागत नसे.

आणि दसरा झाला त्याच आठवड्यात देव पावला. देव मोटारसायकलवर आला, त्याचं नाव रविराज आणि तो थंड पेयांच्या कंपनीचा सेल्समन होता.

“काका, स्कीम हाय. आठ खोकी उचला, फ्रिज तुमच्या दुकानात!”

“आन् पैसे?”

“फ्रिजचे न्हाईत. फक्त एक अट. या बघा, मोठ्या बाटलीला ही लहान बाटली चिकटपट्टीनं बांधलीय. मोठी घेतली की लहान मोफत. ती मोफतची बाटली तुमी वेगळी काढून इकलेली दिसली, तर फ्रिज दुसऱ्याला. शनिवारी बघायला येतो.”

“आरं राम राम! मुंजाजीचा पोरगा हाय मी. असलं काम करीन का?”

रविराजची मोटारसायकल वळणावर दिसेनाशी होईपर्यंत आश्रुबानं कळ काढली. मग बायकोला हाक मारली.

“सुभद्रे! विळी आण!”

“कावून? भाजी तर चिरून झाली.”

“भाजी न्हाई, चिकटपट्टी कापायचीय! आगं, शहाण्णव लहान बाटल्या हायेत. दहा-दहा रुपयानं इकल्या तर?”

सुभद्राबाईनं एक बाटली उचलून डोळ्यांजवळ धरली. “यावर लिव्हलंय की मोठ्या अक्षरात. मोफत. विक्रीसाठी नाही.”

“लिव्हलेलं निघतं की!”

“आन् त्यो शनिवारी आला तर?”

“आज मंगळवार. उद्या ऊसतोडीच्या टोळ्या निघणार. स्टँडवर माणूस मावायचं न्हाई. शनिवारपातुर एक तरी बाटली उरंल का? डोकं लागतं धंद्याला, डोकं!”

डोकं आश्रुबाचं, पण हात सुभद्राबाईचे. तिनं मोठ्या घमेल्यात गरम पाणी घेतलं, त्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकला आणि बाटल्या बुडवल्या. फक्त ‘मोफत’ची लाल पट्टी निघावी एवढाच बेत होता. पण गरम पाण्याला वाचता कुठं येतं! लाल पट्टी गेली, तिच्यामागं कंपनीचं नाव गेलं, किंमत गेली, सगळंच गेलं. शहाण्णव बाटल्या जन्मल्या तशा उघड्या!

“घ्या,” सुभद्राबाई म्हणाली. “आता लगीन लावा त्यांचं. नाव न्हाई, गाव न्हाई, कोण घेतंय?”

आश्रुबा रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. सकाळी त्यानं दुकानापुढं ओलं गोणपाट अंथरलं, त्यावर बाटल्या मांडल्या आणि समोर हताश होऊन बसला. स्टँडवर ट्रॅक्टर लागायला लागले होते. पत्र्याच्या पेट्या, भांडी, शेळ्या, कोंबड्या, लेकरं, सगळं ट्रॉलीत चढत होतं. अर्धा तालुका सहा महिन्यांसाठी निघाला होता.

तेवढ्यात धोंडीराम आला. मुंजाजीचा जुना दोस्त, पंच्याहत्तरीचा, रोज बाकड्यावर बसून फुकटचा पेपर वाचणारा. आज त्यानं पेपर उचललाच नाही. गोणपाटाकडं बघत तो उभाच राहिला.

“आश्रुबा... हे कायय रं?”

“काय न्हाई काका, आपलं...”

“ओलं गोणपाट. बिनकागदाची बाटली. त्योच संत्र्याचा रंग.” म्हाताऱ्यानं एक बाटली उचलली. “मुंजाजीचा सोडा काढलास व्हय रं तू?”

आता इथं खरं बोलायची वेळ होती. पण आश्रुबाच्या डोक्यात धंदा शिरला.

“व्हय काका! बापाचीच पद्धत!”

धोंडीरामानं बाटली उघडली. गोळी नव्हती, झाकणच होतं, पण फस्स झालं. एक घोट घेऊन त्यानं डोळे मिटले आणि त्यातून पाणीच आलं.

“तीच चव! आरं, तीच! मपल्या लग्नात वऱ्हाडाला ह्योच सोडा पाजला व्हता तुझ्या बापानं!”

कंपनीचं सरबत होतं ते, बहुतेक परराज्यातल्या कारखान्यातलं! पण म्हाताऱ्याचं तोंड बघून आश्रुबालाच भरून आलं. ओल्या गोणपाटाचा वास, बाटल्या विसळून सुरकुतलेली बोटं, “हळू रं, फोडशील,” म्हणणारा बाप, सगळं एकदम आठवलं. बापाची इतकी आठवण त्याला कित्येक वर्षांत आली नव्हती. तरी दहा रुपये त्यानं घेतलेच.

धोंडीराम गप्प बसणारा गडी नव्हता. त्यानं स्टँडभर आरोळी दिली, “मुंजाजीचा सोडा आलाय रे!” आणि ट्रॉल्यांमधनं माणसं उतरायला लागली. सगळ्यात पुढं कडूबाई, मुकादमाची बायको. पंधरा कोयत्यांची टोळी, म्हणजे नवरा-बायकोच्या पंधरा जोड्या, तिच्या एका हाकेवर चालायची.

“पोरा, बापाचं नाव राखलंस!” तिनं आश्रुबाच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याला खोकला आला. “घ्या गं समद्याजणी!”

“घ्या, घ्या. दहा रुपये फक्त.”

कडूबाईचा हात बाटलीवर थांबला. “कसले रुपये?”

“बाटलीचे.”

“आरं देवा! मुंजाजीनं कधी उसाला निघालेल्या माणसाकडनं पैसा घेतला न्हाई! ‘कोरड्या घशानं गाव सोडू नये,’ म्हणायचा. जाताना समद्यांना फुकट. व्हय का न्हाई वो धोंडीरामकाका?”

“एकदम बराबर!” धोंडीराम म्हणाला. “देवमाणूस व्हता. मपले दहा रुपये दे परत.”

आश्रुबाच्या कपाळाला घाम फुटला. “तवाचा काळ येगळा व्हता, कडूमावशी! आता म्हागाई...”

आणि नेमकी त्याच क्षणी मोटारसायकल वाजली. रविराज! टोळ्यांच्या गर्दीत आपला माल किती उठतो ते बघायला शनिवारच्या आधीच आला होता. त्यानं बिनकागदाच्या बाटल्या बघितल्या, झाकण ओळखलं आणि त्याचा चेहरा बदलला.

“काका, ह्या स्कीमच्या लहान बाटल्या न्हाईत का? लेबल कुठंय? इकताय का काय?”

एका बाजूला फ्रिज आणि दुसऱ्या बाजूला कडूबाई. आश्रुबानं एकदा इकडं, एकदा तिकडं बघितलं आणि दोन्ही हात वर करून ओरडला, “इकतोय? आरं, वाटतोय! फुकट! समद्यांना फुकट! लेबल गार पाण्यात निघालं असंल!”

पुढची दहा मिनिटं काय सांगावी! लेकरं, म्हातारे, ट्रॅक्टरचे ड्रायव्हर, एक कंडक्टरसुद्धा. शहाण्णवच्या शहाण्णव बाटल्या गेल्या. रविराजनं फोटो काढले. “काका, मोफतचा माल खरंच मोफत वाटणारे तालुक्यात तुमी एकटेच!” म्हणाला, आणि फ्रिज पक्का करून गेला. ट्रॅक्टर हलले तेव्हा ट्रॉलीतली लेकरं रिकाम्या बाटल्या हलवत होती. आश्रुबा रस्त्यावर उभा राहून हात करत राहिला. पदरचं गेलं होतं खरं, पण ऊर भरून आला होता.

फ्रिज दुसऱ्या दिवशी आला. काचेचं दार, आत दिवा! त्यात शहाण्णव मोठ्या बाटल्या गारठून उभ्या राहिल्या, कारण प्रत्येक गिऱ्हाईक बाटली फिरवून वाचायचं आणि विचारायचं, “हिच्यासंगची मोफतची लहान कुठंय?” आणि परत ठेवायचं.

संध्याकाळी आश्रुबाची आई मुक्ताबाई तलवाड्याहून लेकीकडनं परत आली. आश्रुबानं तिला फ्रिजसमोर बसवलं आणि सगळी हकीकत सांगितली.

“आई, मी उगंच नावं ठेवली गं बापाला. चाळीस वर्षं टोळ्यांना फुकट सोडा पाजला त्यानं. कडूमावशी निघताना म्हणली, उन्हाळ्यात टोळ्या परत आल्या की त्यो मोठी बाटली फुकट द्यायचा. म्या कबूल केलंय, आपण बी देऊ.”

मुक्ताबाईनं पदर तोंडाला लावला. आश्रुबाला वाटलं, रडतेय. पण तिचे खांदे गदगदायला लागले तेव्हा कळलं, हसतेय.

“कोण? तुझा बाप? फुकट?” तिनं डोळे पुसले. “आरं येड्या, त्यो मला बी सोडा इकतच द्यायचा!”