इंजिन बंद, तोंड बंद

वाळवंटात बकरी दिसली की कासिमभाई गाडी थांबवत. चावी फिरवत, मागे वळत, ओठांवर बोट ठेवत आणि कुजबुजत, "इंजिन बंद, तोंड बंद. कोणी खाली उतरायचं नाय."

एकदा मागे आमचे मॅनेजर बसले होते. अजमानला कामाच्या जागेवर जायचं होतं. त्या काळी रस्ता असा नव्हताच. आधीच्या गाड्यांच्या चाकोऱ्या धरून वाळूतून जायचं.

"कासिम, गाडी क्यों रोकी?"

"बकरी, साब."

"तो?"

"अकेली नहीं है, साब."

खरंच नव्हती. मागून अख्खा कळप आला. तो जाईपर्यंत कासिमभाईंनी मॅनेजरना लघवीलाही उतरू दिलं नाही. शेवटी कळपामागची म्हातारी धनगरीण आली आणि थांबून आम्हालाच निरखत राहिली.

ही साठच्या दशकातली गोष्ट. मी बर दुबईत एका बांधकाम कंपनीत क्लार्क होतो. रत्नागिरीकडच्या आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला, आणि हे मी कोणाला विसरू देत नसे. कासिमभाई आमच्या शेजारच्या गावचे, कंपनीचे ड्रायव्हर. आम्ही एकाच खोलीत राहायचो. त्याआधी बारा वर्षं ते पूर्व आफ्रिकेतल्या एका अभयारण्यात परदेशी पाहुण्यांना जीपमधून सिंह, हत्ती दाखवत हिंडले होते. मालक गाड्या विकून विलायतेला गेला, तेव्हा हे इकडे आले.

त्यांना माणसंही तशीच दिसत. "मॅनेजर पाणघोडा. सुस्त दिसतो, पण त्याच्या न् पाण्याच्या मधे उभं राहू नये. आपला खानसामा तरस. हसला की समजायचं, जेवण कमी पडलंय."

"आणि मी?"

"तुम्ही जिराफ, बी.ए.साहेब. मान कायम वर. पण पाणी प्यायचं तर पाय फाकवून वाकावंच लागतं."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

कासिमभाईंची बायको हलीमा गावी होती. आफ्रिकेतून एकदा सुट्टीवर गेले, तेव्हा ती म्हणाली होती, "दुनियेच्या बायकांना हत्ती दाखवता. माझ्या नशिबी गावची म्हैस." जीपमधली सीट पैसे भरणाऱ्या पाहुण्यांची, ड्रायव्हरच्या बायकोला कुठून मिळणार? पुढल्या साली काहीतरी करतो, असं ते दर साली म्हणत राहिले, आणि मग ती नोकरीच गेली. हे सांगताना कासिमभाई कुजबुजत नसत. स्टोव्हला जोरजोरात पंप मारत.

त्या हिवाळ्यात हलीमाभाभी मुंबईहून बोटीनं आल्या. कासिमभाईंनी शुक्रवारसाठी गाडी मागितली.

"फिर बकरी?" मॅनेजर म्हणाले.

"नहीं साब. इन्शाल्ला, हिरन."

पहाटे आम्ही निघालो. "बी.ए.साहेब, मागे बसा. मेमसाहेब पुढे बसतील." भाभींनी नवी चप्पल घातली होती. शारजा मागे टाकून, चाकोरी सोडून, कासिमभाईंनी एका टेकाडाआड गाडी अचूक नेऊन उभी केली.

"जिथं बकऱ्या चरतात तिथं हरणंही येतात. या जागी त्यांच्या पायांचे ठसे दोनदा दिसलेत."

म्हणजे वर्षभर आम्हाला गप्प बसवून हे ही जागा हुडकत होते.

इंजिन बंद झालं. आम्ही बसून राहिलो. सूर्य वर आला, पत्रा तापला. हरीण काही आलं नाही. कासिमभाईंची मान घामानं चमकायला लागली. ते एकदाही भाभींकडे बघेनात.

मग टेकाडावरून एक उंट आला. पुढचे दोन्ही पाय दोरीनं बांधलेले, उड्या मारत मारत. रोज बाजाराबाहेर बसलेले असतात, तसलाच.

मला राहवलं नाही. "भाभी, हा तर पाळीव..."

"तोंड बंद, बी.ए.साहेब," भाभी मागे न बघता कुजबुजल्या.

कासिमभाईंनी खाकरून घसा साफ केला. मग पाहुण्यांसाठी राखलेल्या त्या हलक्या, अदबीच्या आवाजात म्हणाले, "नर आहे, मेमसाहेब. वयानं मोठा. वारा आपल्याकडे येतोय, त्याला आपला वास लागला नाय."

"अंगावर येईल?"

"मी आहे ना."

उंट उड्या मारत टेकाडामागे गेला. चावी कासिमभाईंच्या हातात होती. पण हलीमाभाभी अजून तिकडेच बघत होत्या, म्हणून त्यांनी ती लावली नाही.