ताठ शेपटीचा बांगडा

"तिघांच्या सँडविचला एवढा कूलर?" उल्हासनं गॅरेजमध्ये उभं राहून विचारलं.

"ताक आहे," कांचन म्हणाली.

"किती?"

"उन्हात लागतं."

कूलरमध्ये ताकाची एक बाटली होती. तिच्याखाली दोन पिशव्या बर्फ, सुपरमार्केटची जाहिरातपत्रकं आणि प्लास्टिकच्या सहा जाड पिशव्या होत्या. उल्हास मूळचा नागपूरचा, आणि त्याच्या घरात माशाला पाण्यातच राहू देण्याची परंपरा होती. शिवाय गाडी दोन महिन्यांची, आतल्या सीटा पांढऱ्या. त्या गाडीत त्यानं अजून कोणाला कॉफीसुद्धा पिऊ दिली नव्हती. त्यामुळे अमेरिकेतल्या पार्सिपनीहून निघताना कांचननं खरं ते सांगितलं नाही. चोवीस वर्षांच्या संसारात ती खोटं फार थोडं बोलली होती, आणि ते बहुतेक माशांबद्दलच. गॅरेजमधल्या फ्रीजरच्या तळाशी 'मेथी' असं लिहिलेल्या पुडक्यात सुरमई असे. उल्हास ऑफिसच्या कामाला बाहेरगावी गेला की ती मेथी तळली जाई.

आता या सगळ्यामागे होती कांचनची वेंगुर्ल्याची आई. आई ब्याऐंशी वर्षांची. नात कॉलेजात गेली हे ती विसरली होती, कधी कधी नात आहे हेही विसरायची. पण दर रविवारी फोनवर एक प्रश्न मात्र चुकत नसे. "काय गो, बांगडो गावता काय थंय?" कांचन इतकी वर्षं "गावता", मिळतो, म्हणत आली. मुलगी परमुलुखात उपाशी नाही, एवढंच आईला त्यातून ऐकायचं असायचं. पण गेल्या रविवारी आई म्हणाली, "मगे दाखव बघया." कांचननं घाईघाईनं गॅरेजमधली मेथी आणून कॅमेऱ्यासमोर धरली. आईनं तो पांढरा, चौकोनी, दगडासारखा तुकडा बराच वेळ न्याहाळला.

"ह्यां काय? साबण?"

त्या दिवसापासून कांचनच्या डोक्यात एकच गोष्ट होती. येत्या रविवारी आईला खरा बांगडा दाखवायचा. डोक्यासकट, शेपटीसकट. आईची परीक्षा ठरलेली होती. मासा डोक्याला धरून आडवा करायचा, शेपूट ताठ राहिली तर ताजा, वाकली तर बाजारात परत. आई कोळणींच्या पाट्यांसमोर बसून ही परीक्षा घ्यायची तेव्हा कोळणी देवाचं नाव घ्यायच्या.

म्हणून लेकीनं, अनयानं, वाढदिवसाला सर्फिंगचा क्लास मागितला तेव्हा गल पॉइंटचं नाव कांचननंच सुचवलं. त्या गावाच्या एका अंगाला लाटा आणि दुसऱ्या अंगाला मच्छीमारांच्या बोटी. क्लासचं पॅकेज दोघांचं होतं. दुसरी जागा कांचननं मोठ्या मनानं नवऱ्याला दिली.

"मला पोहता कुठं येतं नीट?" उल्हास म्हणाला.

"बाबा, इट्स लाइक वेस्ट-डीप," अनया म्हणाली.

शनिवारी दहा वाजता बापलेक काळे रबरी सूट चढवून वाळूवर पालथे पडले आणि कोरड्यावर हात मारू लागले. कांचन "जरा पाय मोकळे करते" म्हणून सटकली. गाडी उघडायची डिजिटल किल्ली उल्हासच्या फोनमध्ये आणि फोन लॉकरमध्ये, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती धक्क्यावर पोचली होती. कूलर गाडीतच होता. असू दे, आधी मासा तर मिळू दे, असं तिनं स्वतःला समजावलं.

पण रात्रीच्या बोटी पहाटेच रिकाम्या होऊन गेल्या होत्या. माशांच्या दुकानात काचेमागे सोललेले, कापलेले, धुतलेले पांढरे तुकडे ओळीनं मांडले होते. साबणच, फक्त मऊ. डोक्यासकट काही आहे का, असं तिनं विचारलं, तर काउंटरवरच्या मुलीनं, डोकी आम्ही आधीच काढून टाकतो, काळजी करू नका, असा तिला धीर दिला.

शेवटी तिला बांगडा सापडला तो रांगेतल्या टोकाच्या दुकानात. बाहेर गळ, दोऱ्या, बादल्या टांगलेल्या. आत बर्फाच्या टबात बांगडे चमकत होते. आपल्याकडच्यापेक्षा जरा सडपातळ, पाठीवर नागमोडी पट्टे, अमेरिकेत वाढलेला चुलतभाऊ म्हणावा तसे. पण डोळे टक्क उघडे, आणि वास तोच. धक्क्याचा, आईच्या पदराचा. कांचन टबाशी नुसतीच उभी राहिली. मग तिला वरची पाटी दिसली. फक्त गळाला लावण्यासाठी. खाण्यासाठी विक्री नाही.

अख्ख्या वेंगुर्ल्यात कोणी ऐकलं असतं तर हृदय बंद पडलं असतं. हे लोक बांगडा गळाला लावतात.

गल्ल्यावर पांढऱ्या दाढीचे एक काका होते. खायला हवेत म्हटलं तर देणार नाहीत, हे पाटीवरून उघड होतं. म्हणून कांचननं एक डझन मागितले आणि कशाला, असं त्यांनी विचारल्यावर, गळ टाकायला, असं सांगून टाकलं. काय धरणार, या पुढच्या प्रश्नाची तयारी तिनं केली नव्हती. तिला इंग्रजीत पटकन आठवलेला मासा डब्यातला होता.

"टूना," ती म्हणाली.

काकांनी तिच्या खांद्यावरची पर्स पाहिली, पायातल्या चपला पाहिल्या, आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. टूना धक्क्यावरून मिळत नाही, तो फार लांब असतो, असं त्यांनी हळुवारपणे सांगितलं. पण सुरुवात कोणीही कधीही करावी, त्यांच्या बायकोनंही साठीनंतर केली होती. मासेमारीची सरकारी नोंदणी केली आहे का? नाही? ती फुकट असते. त्यांनी कांचनच्याच फोनवर ती करून दिली. गळ आहे का? नाही? त्यांनी बायकोचा गळ भिंतीवरून काढला, धूळ पुसली, 'दहा मिनिटांत येतो' अशी पाटी दाराला लावली आणि बांगड्यांची बादली स्वतः उचलून चालू लागले. कांचन मागून निघाली. एवढ्या चांगल्या माणसाला खोटं सांगितलं हे कबूल करायला धाडस लागतं, आणि तिचं सगळं धाडस टूना म्हणण्यात संपलं होतं.

धक्क्याच्या टोकाला पोचल्यावर काकांनी पहिला बांगडा फळीवर ठेवला आणि त्याचे पाच तुकडे केले. न साफ करता, न मीठ लावता. कांचननं मान वळवली. मग तिनं गळ टाकला आणि मनापासून प्रार्थना केली की काही लागू नये. काही लागलं नाही, पण खालचे चिमुकले मासे आमिष मात्र चाटून पुसून नेत होते. काका उत्साहानं पुढचा बांगडा कापत होते. त्यांची दहा मिनिटं संपायची चिन्हं नव्हती. शेजारच्या बाईचं आमिष संपलं तेव्हा त्यांनी कांचनच्या वतीनं तिला तीन देऊन टाकले. दोन सीगलनं नेले. अकरा वाजून गेले तेव्हा बादलीत दोन बांगडे उरले होते, आणि चाकू पुन्हा निघाला होता. एकाचे तुकडे झाले. कांचनला वाटलं, आईला दाखवायचा एकेक रविवारच इथे कापला जातोय.

तेवढ्यात धक्क्यावरून एक काळी आकृती पाय फाकवून चालत येताना दिसली.

"तू इथं काय करून राहिली?" उल्हासनं विचारलं. दचकला की तो थेट नागपूरला पोचे.

"मासे धरते."

"तू?"

"तुझा क्लास झाला?"

"झाला. मी दोनदा उभा राहिलो. म्हणजे एकदा. चेन अडकली पाठीमागची, निघतच नाही. अनया म्हणाली, आस्क मॉम." मग त्याला बादली दिसली. "आणि ताक?"

काका पुढे झाले, त्यांनी उल्हासचा हात हातात घेतला आणि त्याच्या बायकोची जिद्द दुर्मीळ असल्याचं सांगितलं. मग चेनकडे पाहून, हा मिठाचा प्रताप, याला तेल लागतं, असं म्हणत त्यांनी फळीवरचा बांगड्याचा एक तेलकट तुकडा उचलला. उल्हासला कळायच्या आत तो त्याच्या पाठीवरून मानेपासून कंबरेपर्यंत तीनदा फिरला होता. चेन सुर्रकन उघडली. सात पिढ्यांचा सोवळेपणा बांगड्याच्या तेलात न्हाऊन उभा राहिला.

काकांनी समाधानानं हात पुसले आणि शेवटचा बांगडा फळीवर ठेवला.

"नाही." कांचननं चाकूखाली हात घातला. आणि मग जे काही होतं ते सगळं बाहेर पडलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. टूना नकोय, गळ येत नाही, पाटीमुळे खोटं बोलले, आई ब्याऐंशीची आहे, ती साबण म्हणाली. "हा माझ्या आईला दाखवायचाय," ती म्हणाली. "तिला फक्त एवढंच आठवतं."

काकांनी चाकू मिटला. पाटी सरकारसाठी आहे, ते म्हणाले. त्यांचं स्वतःचं रात्रीचं जेवण त्याच टबातून निघतं, आणि अख्ख्या धक्क्याचं. आधीच बोलला असतात तर साफ करून दिले असते. ते लगबगीनं दुकानात बघून आले, पण सकाळी उशिरा सुटलेल्या एका बोटीनं टब रिकामा करून नेला होता.

एकच उरला. कांचननं तो डोक्याला धरून आडवा केला. शेपूट पट्टीसारखी ताठ होती.

गाडीपाशी तिनं कूलरमधली ताकाची बाटली काढली आणि बांगडा बर्फात निजवला. उल्हास बघत होता. त्यानं तीनदा आंघोळीच्या नळाखाली अंग धुतलं होतं, साबण लावून. तो पांढऱ्या सीटवर बसला आणि दार लावलं, तेव्हा मागून अनयाचा आवाज आला.

"ओके, द फिश इज इन द ट्रंक. सो व्हाय डज इट स्मेल इन हिअर?"

काचा खाली झाल्या. अडीच तास तिघंही वाऱ्यावर घरी आले.

रविवारी सकाळी नऊला, म्हणजे आईच्या दिवेलागणीला, फोन लागला. कांचनला फोन नीट धरायचा होता, म्हणून बांगडा उल्हासनं धरला. भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे घालून, मान वळवून, पण डोक्याला धरून आडवा.

"काय गो, बांगडो गावता काय थंय?"

"ह्यो बघ."

आई पुढे झुकली. डोळे बारीक झाले, मग मोठे. "अगो, ताजो आसा. शेपटी बघ कशी." तिनं तिरफळं घालायला सांगितलं, नारळ वाटायचा कसा ते सांगितलं, हाताची पिवळी बोटं कोणाची ते विचारलं, आणि जावयाची म्हटल्यावर खळखळून हसली. तसं हसणं कांचननं दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. मग आई कोणाशी तरी दिव्याच्या वातीबद्दल बोलली, आणि परत फोनकडे वळली.

"काय गो, बांगडो गावता काय थंय?"

कांचननं उल्हासकडे पाहिलं. तो बांगडा खाली ठेवून हातमोजे काढतच होता. त्यानं ते पुन्हा चढवले.

"ह्यो बघ, आई."

पुन्हा तेच डोळे, तीच तिरफळं, पिवळ्या बोटांवर तेच हसू, पहिल्यांदाच आल्यासारखं. तिसऱ्यांदा प्रश्न आला तेव्हा उल्हास आधीच तयार होता. पण आतापर्यंत स्वयंपाकघराच्या उबेत बर्फाचा जोर संपला होता. त्यानं मासा आडवा धरला आणि शेपूट हळूहळू खाली वाकली.

आईनं ती बारकाईनं पाहिली.

"फसवल्यान तुका," ती हळहळून म्हणाली. "शिळो आसा गो. कालचो."

फोन ठेवल्यावर कांचननं ओटा पुसायला घेतला. उल्हासनं बांगडा ताटलीत ठेवला, हातमोजे साबणानं धुतले, नळावर वाळत घातले. मग अनयाला हाक मारून, सर्फिंगचा पुढचा क्लास कधी आहे, ते विचारलं.

"नेक्स्ट सॅटर्डे. व्हाय?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि कांचनकडे वळला. "या वेळी कूलरमध्ये ताक नको घेऊ. जागा अडते."