नलूमावशीचो घसो

आरोंद्यातल्या आमच्या घरी कालवणाला फोडणी द्यायची तर मला आधी अंगणात जाऊन ओरडावं लागतं, "मावशी, फोडणी घालतंय गो!" दगडाच्या खाणीत सुरुंग उडवण्याआधी ओरडतात, तसं. शेजारच्या घराच्या खिडक्या धडाधड बंद होतात. मोहरी तडतडून, मिरचीचा खकाणा उडून शांत झाला की मी पुन्हा ओरडते, "झाली गो!" मग एक खिडकी बोटभर उघडते आणि तिच्यातून नलूमावशीचं नाक बाहेर येतं. हवा मानवली तर मागून नलूमावशीही येते.

ही सगळी खबरदारी मावशीच्या घशासाठी. तो घसा साधासुधा नाही, बरीच वर्षं जर्मनीतल्या एका नाट्यगृहात ऑपेरा गात होता. ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटक. फक्त त्यात लोक बोलायला म्हणून थांबत नाहीत, भांडण असो की मरण, सगळं गाऊनच. मावशी त्यात मेझो-सोप्रानो होती. म्हणजे काय, ते मी तिला, ती इथे राहायला आली त्या पहिल्याच आठवड्यात, विचारून घेतलं.

"वरच्या पट्टीतली ती सोप्रानो. ती नायिका. तेच्या खालची ती मेझो," मावशी म्हणाली. "माका राजकन्या कोणी करूक नाय. म्हातारी, चेटकीण, नायतर पुरुषाचे कपडे घालून झील. माझ्यापेक्षा वयान मोठ्या झिलांची आवस झालंय मी." झील म्हणजे मुलगा, आवस म्हणजे आई.

मावशी मूळची इथलीच, होडीवाल्यांची मुलगी. गोव्यात मामीबरोबर दारोदार मासे विकताना तिची हाक पियानो शिकवणाऱ्या एका बाईंनी ऐकली. त्यांनी बांगडे घेतले आणि मुलगीही मागून घेतली, असं मावशी सांगते. तिथून ती गात गात जर्मनीला पोचली, आणि उतारवयात एकटीच परत आली.

आली ती शंभर भयं घेऊन. पंख्याचं भय, बर्फाचं भय, खाडीवरच्या वाऱ्याचं तर फारच. भर मे महिन्यात गळ्याला मफलर. न्याहारी होईपर्यंत ती तोंडातून शब्द काढत नाही, सगळे व्यवहार हातवाऱ्यांनी. एकदा तिला मोरी, म्हणजे लहान शार्क, हवी होती, म्हणून तिनं पाठीवर हात उभा धरून मोरीचा पर दाखवला. मासेवालीला वाटलं बाईची पाठ धरली. ती मासे बाजूला ठेवून पाठीला तेल चोळून गेली. त्या दिवशी मावशीनं पिठल्यावर भागवलं.

मला हसू यायचं, पण ते संध्याकाळपर्यंतच. दिवेलागणीला वारा पडला की मावशी खाडीकडच्या दारात उभी राहून गायची. रोज एकच गाणं, समुद्रावर गेलेल्या मुलाला हाका मारणाऱ्या आईचं. भाषा इटालियन, पण आवाज असा की माझ्या अंगावर काटा यायचा. तो चढत जायचा आणि रोज एकाच जागी तुटायचा. पुढे काही नाही. मागून येणारी पावलं एकदम थांबली तर कसं वाटेल, तसं मला वाटायचं. वाडीतली माणसं त्या वेळी पलीकडच्या पाणंदीनं जाऊ लागली होती.

शेवटी धीर करून मी विचारलं, "मावशी, थंयसरच कित्याक थांबतंस?"

तिनं मफलर घट्ट केला. "शेवटच्या खेळाक थंयसरच शब्द गेले. शोधूक गेलंय तर नुसतो काळोख. समोर थेटर भरलेला, आणि कोण खोकाना पण नाय. घसो बरो आसा गो माझो. त्या गप रवण्याचा भय वाटता. आता त्या जागेर इलंय की परत ताच."

मग ती बापाबद्दल बोलली. बाप देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवाला मोठ्यानं केलेली विनवणी, आणि प्रत्येक वाक्यामागून लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात. "बापूस अडाकलो तरी लोक 'व्हय म्हाराजा' म्हणत. तितक्यात तेका फुडचा आठवा. थंय माका कोण व्हय म्हणूक नाय."

त्याच वर्षी जत्रेच्या आधी देवळाचे मानकरी दाजी तिच्याकडे आले. "जर्मनीक गायलंस, देवीक नको?" मावशी हो म्हणाली, कारण नाही म्हणायचंही तिला भय वाटलं. मग दोन दिवस जेवली नाही. मंडपात माझा हात धरून बसली होती.

नाव पुकारल्यावर तिनं मफलर काढून माझ्याकडे दिला आणि गायला लागली. कोणाला अक्षर कळत नव्हतं, पण पोरंसुद्धा गप्प झाली. पुढ्यात दाजी डोळे मिटून बसले होते. आवाज चढला, ती जागा आली, आणि मावशी थांबली. तिचा हात गळ्याकडे गेला. मंडपात कोणी हलेना.

दाजी अर्धवट पेंगत होते. देवीपुढे कोणीतरी कळवळून बोलतंय आणि आता थांबलंय, एवढंच त्यांना कळलं असावं. डोळे न उघडता ते खणखणीत म्हणाले, "व्हय म्हाराजा!" आणि सवयीनं सगळा मंडप त्यांच्यामागून म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

मावशी दचकली. मग तिचं तोंड उघडलं आणि पुढची ओळ आली. त्यानंतर ती श्वास घ्यायला थांबली की आम्ही व्हय म्हणायचो. तो इटालियन मुलगा आरोंदेकरांनी सुखरूप किनाऱ्याला लावला. मी मफलरात तोंड घालून रडले.

तेव्हापासून दिवेलागणीला ती जागा आली की मी हातात डाव घेऊन स्वयंपाकघरातून "व्हय म्हाराजा" म्हणते, आणि गाणं पुढे जातं.

परवा मला बहिणीकडे रेडीला जायचं होतं. ओटीवर पिशवी भरत होते, तर मावशी कुंपणापाशी आली. न्याहारी व्हायची होती, म्हणजे आता हातवारे, म्हणून मी पाहत राहिले. तिनं हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

"सांजेक परत येतलंस मा गो?" तिनं तोंडानं विचारलं.

"येतंय, मावशी."

"मिरच्येची फोडणी घातलंस तरी चलात," ती म्हणाली. "पण ये."