दोन साक्षीदारांसह योगायोग

महादेव सबनीस यांना निवृत्त व्हायला चार महिने उरले होते आणि आयुष्याकडून त्यांची एकच मागणी शिल्लक होती : 'विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला'. हा दाखला नसेल तर माणूस निवृत्त होत नाही. तो नुसता कामावर यायचा थांबतो.

ते पनवेलच्या भूखंड वाटप कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना बदल्यात प्लॉट देणं हे कार्यालयाचं काम, आणि ते अजून का देता आले नाहीत हे सुवाच्य अक्षरात लिहिणं हे महादेवरावांचं. चौतीस वर्षांत त्यांनी कुणाचा चहासुद्धा घेतला नव्हता. त्यामुळे कार्यालयात त्यांच्याबद्दल थोडा संशय होताच.

त्या जानेवारीत वरून परिपत्रक आलं. कर्मचारी आणि अर्जदार फार्महाऊसवर भेटतात अशी कुणीतरी तक्रार केली होती. सबब, प्रलंबित प्रकरणाशी संबंधित व्यक्तीस कार्यालयाबाहेर भेटू नये. योगायोगाने भेट झाल्यास चोवीस तासांच्या आत नमुना सातमध्ये अहवाल द्यावा. नमुन्याच्या तळाशी दोन साक्षीदारांसाठी दोन ओळी सोडलेल्या होत्या.

आता योगायोग म्हणजे काय, असा प्रश्न उभा राहिला. हा शब्द सगळे वापरत होते, पण त्याला मंजुरी कुणी दिली होती हे रेकॉर्डवर नव्हतं. उपव्यवस्थापक सत्यजीत कर्णिक यांनी तीन बैठका घेऊन व्याख्या केली : 'उभय पक्षांस पूर्वकल्पना, पूर्वतयारी व अपेक्षा नसताना घडलेली भेट म्हणजे योगायोग. सबब, योगायोग टाळण्याची जबाबदारी संबंधित कर्मचाऱ्याची राहील.'

चाळीस जणांनी सही करून परिपत्रक पुढे सरकवलं. महादेवरावांनी ते वाचलं. इथे त्यांचं चुकलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खांदा कॉलनीतल्या आपल्या नेहमीच्या भाजीवाल्याकडे जाणं बंद केलं, कारण त्याच्या मेव्हण्याचा अर्ज टेबलावर होता. समोरच्या घरातले गृहस्थही अर्जदारच, ते लिफ्टमध्ये दिसले की महादेवराव जिना धरायचे. पाचवा मजला होता.

"कोथिंबिरीची कसली फाइल आहे तुमच्याकडे?" रोहिणीताईंनी विचारलं.

"कोथिंबिरीची नाही. कोथिंबीर विकणाऱ्याच्या मेव्हण्याची."

"लग्नाच्या वेळी एवढी चौकशी केली असतीत तर माझे आईवडील सुटले असते."

महिना असा सुखात गेला असता. पण कार्यालयातला शिपाई अंकुश याच्या मुलाची, निकेशची, हळद निघाली. उरण रस्त्यावरच्या त्या गावांत लग्नाला गेलं नाही तर चालतं, लोक समजून घेतात. हळदीला गेलं नाही तर पुढच्या पिढीपर्यंत लक्षात ठेवतात.

"सायेब, तुमी आलाच पायजे," अंकुश म्हणाला. "तीस वर्सां तुमचा पानी भरतो. येक दिस आमच्याकडचा प्या."

"अंकुश, तिथे अर्जदार असतील."

"सायेब, गावात दुसरा कोन असनार?"

हे खरं होतं. महादेवरावांनी विचार केला, कोपऱ्यात बसू, पाच मिनिटांत पाकीट देऊ, निघू.

मांडव मैदानाएवढा होता. डीजे इतक्या जोरात होता की पोटातलं पाणी तालावर हलत होतं. पहिल्या रांगेत पांढरा सोफा होता आणि त्यावर स्वतः कर्णिकसाहेब बसले होते. शेजारी परेशशेठ बिल्डर, ज्यांच्या तीन फायली कार्यालयात होत्या. साहेबांच्या ताटात मटणाची नळी परेशशेठ स्वतःच्या हाताने वाढत होते. मागच्या टेबलावर लेखा शाखा एका कंत्राटदाराबरोबर बसली होती, त्यामागे सर्वेक्षण शाखा दुसऱ्याबरोबर. नवा माणूस आला की जो तो उठून हात पसरत होता. "अरे, तुम्ही इथे! काय योगायोग!" डीजे थांबला की मांडवात एवढंच ऐकू यायचं.

महादेवराव खांबाआड उभे राहिले. तिथेच ते दादू घरत यांना सापडले. दादूशेठ अंकुशचे काका. वय सत्तर, फायलीचं वय अकरा.

"सबनीस सायेब, जेवलाव का?"

महादेवरावांनी न ऐकल्यासारखं केलं. दादूशेठ पुढे आले.

"घाबरू नका. आज फायलीचा इषय नाय. आज हळद हाय." आणि त्यांनी मूठभर हळद महादेवरावांच्या दोन्ही गालांना फासली.

रात्रीत ती निघाली नाही. साबण झाला, बेसन झालं. सकाळी पिवळ्या गालांनी महादेवराव कार्यालयात शिरले आणि चोवीस तास भरायच्या आत त्यांनी नमुना सात भरला. भेटीचे ठिकाण : मांडव, खांबामागे. भेटीचा कालावधी : अंदाजे अर्धे मिनिट. भेटीचे स्वरूप : हळद. साक्षीदार एक : सत्यजीत कर्णिक, उपव्यवस्थापक. साक्षीदार दोन : परेशशेठ, बिल्डर. शेरा : 'दोन्ही साक्षीदार एकाच सोफ्यावर बसलेले असल्याने त्यांना ही भेट स्पष्ट दिसली असावी.' मग आवक शाखेत जाऊन त्यांनी त्यावर शिक्का घेतला. शिक्का बसला की कागद देवाच्या बापालाही परत घेता येत नाही.

अकरा वाजता बोलावणं आलं.

"सबनीस, हे काय आहे?"

"नमुना सात, साहेब."

"ते दिसतंय. साक्षीदार म्हणून कोण आहे?"

"आपण, साहेब."

"मी कुठे होतो?"

"सोफ्यावर."

"मी काल पुण्याला दौऱ्यावर होतो. डायरी बघा."

"मग सोफ्यावर जे होते ते..."

"माझ्यासारखा दिसणारा कुणीतरी असेल," साहेब शांतपणे म्हणाले. "असे योगायोग असतात."

शिक्का असल्यामुळे चौकशी समिती नेमावी लागली. नियमानुसार अध्यक्षपद उपव्यवस्थापकांकडेच होतं. समितीने साक्षीदार क्रमांक एकला, म्हणजे स्वतःला, लेखी विचारणा केली. त्यांनी आपण तिथे नव्हतो असं लेखी उत्तर दिलं आणि समितीने ते स्वीकारलं. परेशशेठनी कळवलं की आपण हळदीला जात नाही, हळदीची अॅलर्जी आहे. इतर चाळीस कर्मचाऱ्यांचे निरंक अहवाल आले.

"चाळीस जणांना महिनाभरात एकही योगायोग घडला नाही," समितीने नमूद केलं, "आणि एकट्या श्री. सबनीस यांना घडतो, हा योगायोग मान्य करता येत नाही."

शेवटची आशा दादूशेठ होते. ते टोपी काढून समितीपुढे बसले.

"तुम्ही सबनीसांना ठरवून भेटलात का?"

"ठरवून? अकरा वर्सां हापिसात ठरवून येतो, तवा भेटत नाय. हळदीला चार हजार मानूस होता, सायेब. सगली नाचत होती. ह्ये येकलेच खांबामागं लपत होते, म्हनून दिसले."

महादेवरावांना वाटलं, सुटलो. समितीने लिहिलं : 'श्री. सबनीस लपत होते, यावरून भेट होणार याची त्यांना पूर्वकल्पना होती. सबब, योगायोग नाही.'

दोन महिने उरले. दाखला अडकला. कर्णिकसाहेब मुळात वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी महादेवरावांना खुर्ची दिली.

"सबनीस, एक सुधारित निवेदन द्या. 'सदर हळदीत मला कोणीही दिसले नाही.' बस. तुम्हाला कुणी दिसलं नाही, म्हणजे भेट नाही. भेट नाही, म्हणजे योगायोग नाही. चौकशी बंद."

"चार हजार माणसं होती, साहेब."

"म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरचा दाखला जोडा."

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की लांबचं उत्तम आहे, जवळचं दिसत नाही. तेवढं पुरेसं होतं. कार्यालयात जवळच्यांचाच प्रश्न होता.

फक्त एक अडचण राहिली. महादेवरावांना कुणी दिसलं नाही, तर दादूशेठ समितीपुढे खोटं बोलले होते. खोटं निवेदन करणाऱ्या अर्जदाराचं प्रकरण नियमानुसार फेरतपासणीला जातं आणि फेरतपासणी पहिल्या पानापासून होते.

त्या रात्री महादेवराव जेवले नाहीत. "त्या म्हाताऱ्याने तुम्हाला जेवलात का एवढंच विचारलं होतं," रोहिणीताई म्हणाल्या. ते डॉक्टरांचा दाखला निवेदनाला टाचत होते. सकाळी त्यांनी सही केली. दादूशेठच्या फायलीवर 'अर्जदाराचे निवेदन वस्तुस्थितीस धरून नाही, फेरतपासणीस्तव' हा शेरा पडला. तो त्यांनीच लिहिला. काम त्यांचंच होतं आणि अक्षर सुवाच्य होतं.

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि दाखला मिळाला. परेशशेठ नेमके तिथूनच जात होते, म्हणून हार त्यांच्या हस्ते झाला. महादेवरावांनी दाखला लॅमिनेट करून दिवाणखान्यात लावला.

आता ते रोज संध्याकाळी फिरायला जातात. परवा बसस्टॉपवर दादूशेठ उभे होते. "सायेब, जेवलाव का?" त्यांनी हाक मारली. महादेवराव समोरून गेले. रेकॉर्डप्रमाणे त्यांना दादूशेठ दिसत नाहीत.

आणि हो, तुम्ही मघापासून जरा अस्वस्थ दिसता. त्या हळदीला तुम्हीही होतात. मटणाच्या काउंटरजवळ, तुमच्या कामाच्या माणसाबरोबर, आणि मला बघून सगळ्यांत आधी "काय योगायोग!" तुम्हीच म्हणालात. काळजी करू नका. महादेवरावांना तिथे कुणीही दिसलं नव्हतं. सही आहे, शिक्का आहे. त्या दादूचं काय झालं हे मात्र विचारू नका. तुम्हालाही तो कुठे दिसला होता?