ख?क थ? म?न (दोन)

निवृत्त शिक्षिका खुक थी मेन यांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने धरले होते, आणि ऑपरेशनसाठी आरोग्य विम्याचं कार्ड नवीन करून घेणं भाग होतं. बाईंनी चौतीस वर्षं गावातल्या पहिलीच्या मुलांना अक्षरं शिकवली होती. तिथल्या भाषेची अक्षरं रोमन, पण अर्थ सगळा त्यांच्या डोक्यावरच्या टोप्यांत, रेघांत आणि पायाखालच्या टिंबांत. 'मेन' म्हणजे जीव लावणारी. टोपी आणि तिरपी रेघ काढून घेतली की उरतं नुसतं खमीर. बाई स्वतःच्याच नावाचा दाखला देऊन हे शिकवत, आणि टिंब विसरणाऱ्याला तो शब्द शंभरदा लिहायला लावत.

नवीन कार्ड त्यांनी नाकाला टेकेपर्यंत जवळ नेलं. नावात एक परकं अक्षर डोक्यावर रेघ घेऊन बसलं होतं, शेजारी एक बारीक वेटोळं होतं, आणि त्याच्या पुढे एक प्रश्नचिन्ह खाली डोकं वर पाय करून उभं होतं. इस्पितळाने हे नाव ओळखपत्राशी जुळत नाही असं सांगून त्यांना परत पाठवलं.

वॉर्ड कार्यालयात खिडकीपलीकडे लुयेन बसली होती. बाईंचीच विद्यार्थिनी. तिने उठून नमस्कार केला, थर्मासमधला हिरवा चहा ओतून दिला आणि अदबीने सांगितलं, "बाई, संगणकात आहे तेच छापलंय. चूक असेल तर ती नावात असेल."

चौकशीअंती असं दिसलं, की कार्यालयाच्या नोंदी जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत हलवल्यापासून गावातल्या बहुतेकांच्या नावांत अशी प्रश्नचिन्हं शीर्षासन करत होती. प्रांताच्या मुख्य गावाहून थाक नावाचा तंत्रज्ञ बोलावला गेला. त्याने अर्धा तास पाहिलं आणि कार्यालयाचे उपाध्यक्ष तियेप यांना सांगितलं, की नावं शाबूत आहेत. लिहिताना संगणकाने अक्षरांच्या एका सांकेतिक तक्त्याने लिहिली आणि वाचताना दुसऱ्या तक्त्याने वाचली, म्हणून असं दिसतं. वाचायचा तक्ता बदलला की झालं; काम दहा मिनिटांचं.

"फक्त तोवर कुणी हाताने काही सुधारून साठवू नका," तो म्हणाला. "मग माझ्याच्याने काही होणार नाही."

तियेप साहेबांना काम दहा मिनिटांचं असण्याचाच खेद झाला. दहा मिनिटांच्या कामाचा प्रस्ताव कसा करणार? समिती नेमायची, तर तिची पहिली बैठकच दोन तासांची. थाकला अभिप्राय लेखी द्यायला सांगून परत पाठवण्यात आलं.

पुढच्याच आठवड्यात वरून तपासणी यायची होती. सन्माननीय नागरिकांच्या नावांत उलटी चिन्हं दिसणं शोभेचं नव्हतं. साहेबांनी आदेश काढला: सर्व अनियमित चिन्हं काढून त्या जागी नियमित चिन्ह घालावं. लुयेन आणि आणखी दोघींनी चार दिवस खपून ते पार पाडलं. आता प्रत्येक प्रश्नचिन्ह पायांवर ताठ उभं होतं. तपासणी पथकाने नोंदींतल्या शिस्तीबद्दल समाधान व्यक्त केलं.

बाईंचं नाव झालं 'ख?क थ? म?न'.

थाक परत आला आणि त्याने पडद्याकडे पाहिलं. मग त्याने जुन्या कागदी नोंदवह्या मागितल्या. संगणकीकरण यशस्वी झाल्यामुळे त्या लगद्याला गेल्या होत्या.

बाई पुन्हा खिडकीशी गेल्या. लुयेनने कळा दाबल्या आणि तिचा चेहरा उजळला. "बाई, तुमचं ऑपरेशन तर मार्चमध्येच झालंय. दोन्ही डोळ्यांचं. अभिनंदन."

ऑपरेशन झालं होतं ते मागच्या गल्लीतल्या खुक थी मनचं. तिच्या नावाचा अर्थ आलुबुखार. टोप्या आणि टिंबं गेल्यावर जीव लावणारी आणि आलुबुखार सरकारदरबारी एकच बाई झाल्या होत्या. मेनबाई म्हणाल्या की त्यांना समोरची लुयेनही धड दिसत नाही. लुयेनने सहानुभूतीने मान हलवली. ती हललेलीही बाईंना दिसली नाही. नोंदीप्रमाणे त्यांना दिसत होतं, आणि नोंदीविरुद्ध दिसेनासं होण्याची तरतूद नव्हती.

अखेर तियेप साहेबांनीच मार्ग काढला. नोंदी नावांप्रमाणे करता येत नाहीत, तेव्हा नावं नोंदींप्रमाणे करावीत. त्यासाठी 'नाम-एकरूपता पत्र' छापलं गेलं: नोंदीत आहे तेच माझं नाव. एकसारखी नावं आली तर पुढे आकडा. सही केली की कार्ड त्याच दिवशी.

बाईंनी सही करायला नकार दिला. "लुयेन, तुझ्या नावातली टोपी तू विसरायचीस. आठवतंय? किती वेळा लिहून घेतलं होतं मी?"

"शंभर वेळा, बाई," लुयेन खाली बघत म्हणाली. "आता माझ्याही नावात दोन प्रश्नचिन्हं आहेत. मी पहिल्याच दिवशी सही केली."

रांगेत कुजबुज सुरू झाली. मागचा एकजण म्हणाला की एका टिंबासाठी एवढं काय धरून बसायचं. दुसऱ्याला दुकान उघडायचं होतं. बहुतेकांना बाईंनीच अक्षरओळख करून दिली होती. पाचेक मिनिटं त्या प्लास्टिकच्या स्टुलावर पेन धरून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "कुठे करायची ते दाखव," आणि लुयेनने त्यांचं बोट धरून जागा दाखवली.

ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाली त्या दिवशी 'ख?क थ? म?न (दोन)' यांनी सगळ्यात आधी घरातलं ते पत्र काढून वाचलं. खालच्या बारीक ओळीत लिहिलं होतं: 'माझ्या नावात पूर्वीही काही चूक नव्हती, आताही नाही, आणि माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.' गावात अशी चार हजार पत्रं भरून झाली होती. तक्रारी शून्य असलेलं कार्यालय म्हणून प्रांतातर्फे तियेप साहेबांचा सत्कार ठरला होता.

बाई पत्र घेऊन रांगेतल्या एकेकाच्या घरी गेल्या आणि विचारत सुटल्या, की ही ओळ वाचली होती का. कुणीच वाचली नव्हती.

बाईंना निदान मोतीबिंदू होता. त्या रांगेत आपणही कधी ना कधी उभे राहिलो आहोत, सही केली आहे, आणि आपले डोळे चांगले होते.